सांदण: जिथे पाणी डोंगरही चढतं

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवा आणि पश्चिमेला सरकत जा. संगमनेर, अकोले, राजूर, भंडारदरा, आणि मग जिल्ह्याबरोबर जमीनही संपते. समोर पोकळी, खाली कोकण. या कड्यालगतचं गाव म्हणजे साम्रद. गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर कातळाला एक खोल उभी चीर पडलेली आहे. हिवाळ्यात माणसं तिच्या तळातून चालत जातात. पावसाळ्यात तिथून पाणी जातं, आणि तेव्हा माणसाने आत पाऊल टाकायचं नसतं.

सांदण दरीची एका दिवसाची भटकंती आता ट्रेकरांच्या यादीत पक्की झाली आहे. पण जाऊन येणाऱ्या बहुतेकांच्या गप्पा अरुंद भिंतींमधल्या फोटोंपाशीच थांबतात, आणि ही फार मोठी हुकलेली संधी आहे. सांदणच्या आसपासच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत पाण्याचे जितके खेळ पाहायला मिळतात, तितके महाराष्ट्रात दुसरीकडे एका जागी क्वचितच मिळतील. इथे पाणी कातळ कापतं, वाऱ्यावर उलटं उडतं, आणि रात्री नळातून चक्क घाट चढून वर येतं.

आशियातली दुसरी? मोजली कोणी?

आधी एक भ्रम दूर करू. सांदण ही 'आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी' आहे, असं सहलींच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं छापलं जातं. कशात दुसरी? लांबीत, खोलीत की अरुंदपणात? ते कोणी सांगत नाही. तिबेटमधली यारलुंग त्सांगपोची घळई ५,००० मीटरपेक्षा खोल आणि ५०० किलोमीटरहून लांब आहे. नेपाळची काली गंडकी धौलगिरी आणि अन्नपूर्णा या दोन आठ-हजारी शिखरांच्या मधून वाहते. सांदणची लांबी दीड-दोन किलोमीटर आणि भिंतींची उंची दोनशे ते चारशे फूट सांगितली जाते. त्यामुळे हा क्रमांक विसरून जा.

सांदणला त्याची गरजही नाही. तिचं खरं वैशिष्ट्य आकड्यात बसणारं नाही. एवढ्या उंच भिंती काही ठिकाणी इतक्या जवळ येतात की दोन्ही हात पसरले की दोन्हीकडचा कातळ हाताला लागतो. डोक्यावर आकाशाची एक चिंचोळी पट्टी उरते. ऊन तळापर्यंत पोचतं ते माथ्यावर सूर्य आला की थोडा वेळच, म्हणून तिला 'सावलीची दरी' असंही म्हणतात.

हा दगड इथला नाही!

ज्या कातळाला तुम्ही हात लावता त्याचं वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं. दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले तो हा काळ, आणि पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले तोही हाच. या लाव्हाचे दगड आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. सह्याद्रीच्या बाजूला त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. आणि भूगर्भशास्त्रज्ञांच्या वर्गवारीत या प्रचंड थप्पीतल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला नाव आहे 'कळसूबाई'. साम्रदहून दिसणाऱ्या डोंगररांगेतलं, १,६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर तेच.

यापुढची गोष्ट मला सर्वांत आवडते. हा लाव्हा बाहेर पडला तेव्हा भारताची भूमी आशियाला भिडलेली नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे त्या परिसरात होती आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत होती. म्हणजे सांदणच्या भिंती दक्षिण गोलार्धात जन्मल्या आणि विषुववृत्त ओलांडून अकोले तालुक्यात आल्या.

मग चीर कशी पडली? लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा जातात. पुढे जमिनीच्या हालचालींनी आणखी तडे पडतात. पाण्याला अशी एक कमकुवत रेघ पुरते. दर पावसाळ्यात ते त्याच रेघेत घुसतं, सैल दगड ओढून नेतं, आणि त्याच दगडांनी तळ खरवडतं. कापण्याचं खरं काम नुसतं पाणी करत नाही, पाण्यातली वाळू आणि गोटे करतात.

याचा पुरावा हवा असेल तर याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या निघोजला जा. कुकडी नदीच्या पात्रातले तिथले रांजणखळगे जगभरातून लोक पाहायला येतात. भोवऱ्यात अडकलेले गोटे जात्यासारखे गरगर फिरत राहिले आणि कातळाला खोल गोल खड्डे पडले. निघोजला पाणी एका जागी गोल फिरलं, साम्रदला ते सरळ रेषेत उतरत गेलं. हत्यार दोन्हीकडे एकच, दगड.

आत शिरल्यावर

दरीच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा झरा आहे. बाटल्या तिथेच भरून घेतात. पुढे दगडधोंड्यांची उतरण सुरू होते. मोठाले धोंडे एकमेकांवर रचून पडलेले, काही जीपगाडीएवढे. हे धोंडे भिंतींवरून निखळून आलेत आणि पुराने इकडून तिकडे ढकललेत, हे लक्षात ठेवून चालायचं. सांदणचा तळ दर वर्षी थोडा बदलतो. गेल्या वर्षीची पाऊल ठेवायची जागा यंदा नसूही शकते.

मग येतात पाण्याचे दोन डोह. पाऊस संपल्यावर लगेच गेलात तर पहिल्यात गुडघ्यापासून कमरेपर्यंत आणि दुसऱ्यात छातीपर्यंत पाणी लागू शकतं. ऊन न लागल्यामुळे ते भर दुपारीही गारठलेलं असतं. उन्हाळ्याकडे जाल तसं ते आटत जातं. पाठपिशवी डोक्यावर धरून, एकमेकांना हात देत हे डोह पार करण्यात जी मजा आहे, ती सांगून कळायची नाही. पाण्याला घाबरणाऱ्यांना गावातले वाटाडे अलगद पलीकडे नेतात.

डोहांपलीकडे दरी रुंदावत उतरत जाते आणि एका ठिकाणी पायाखालचा कातळ एकदम तुटतो. हा सुमारे चाळीस-पंचेचाळीस फुटांचा पहिला टप्पा, दोराने उतरण्याचा. एका दिवसाच्या भटकंतीत बहुतेक जण इथूनच मागे फिरतात, आणि तेच शहाणपणाचं. कारण उतरून गेल्यावर आलेल्या वाटेने परतणं सोपं राहत नाही. मग पुढचे टप्पे उतरत कोकणातल्या देहणे गावाकडे बाहेर पडायचं, किंवा करोली घाटाची जुनी वाट चढून पुन्हा साम्रदला यायचं. तो बेत वेगळा. त्याला दोर, हेल्मेट, जाणकार माणसं आणि बहुधा दरीतला एक मुक्काम लागतो.

हेल्मेट दरीतही उपयोगी पडतं. भिंतींच्या माथ्यावर माकडं फिरत असतात आणि त्यांच्या पायांनी सुटलेला छोटा दगडही दोनशे फुटांवरून येताना छोटा राहत नाही. अशा उभ्या कड्यांना आग्या मोहोळंही लटकलेली असतात. ही मधमाशी पोकळीत न राहता उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते आणि डिवचली तर थव्याने पाठलाग करते. म्हणून दरीत धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको.

धबधबा वर जातो तेव्हा

आता तेच ठिकाण, पण ऑगस्ट महिना. दरीत उतरायचं नाही, तिच्या वर, कड्यालगतच्या पठारावर चालायचं. ही सांदणची दुसरी भटकंती, आणि धबधब्यांसाठी हीच खरी.

पठारावरचे ओढे कड्यापर्यंत येतात, खाली झेपावतात आणि काही क्षणांत परत वर येतात. पाण्याची धार हवेत वळून फवारा होते आणि पाहणाऱ्याच्या अंगावर कोसळते. हा उलटा धबधबा. यात चमत्कार नाही, सह्याद्रीची रचना आहे. अरबी समुद्रावरून निघालेला मोसमी वारा कोकणच्या सखल भागावरून फारशा अडथळ्याविना येतो आणि एकदम उभ्या भिंतीवर आदळतो. त्याला पुढे जायला जागा नाही, म्हणून तो भिंतीलगत वर उसळतो. कड्याची घळ चिंचोळी असेल तर त्याचा जोर आणखी वाढतो. पाण्याची धार पातळ असली की हा वारा तिला उचलून मागे फेकतो. वारा पडला की तोच धबधबा निमूट खाली पडायला लागतो. म्हणून एकदा 'काहीच दिसलं नाही' म्हणून निघू नका, पुढच्या झोताची वाट पाहा.

महाराष्ट्रात असा खेळ आणखीही ठिकाणी दिसतो. आंबोलीजवळच्या कावळेसादला दिसतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटातही दिसतो, जिथे सातवाहनांच्या काळापासून व्यापारी वाहतूक होती आणि जकातीसाठी ठेवल्याचं सांगतात तो दगडी रांजण अजून उभा आहे. पण साम्रदला एका बाजूला दरीची घळ, समोर आजोबा डोंगराची उंच भिंत आणि मागे रतनगड, असं दृश्य एकाच ठिकाणाहून मिळतं. आजोबावर वाल्मीकींचा आश्रम होता आणि लव-कुश तिथेच वाढले, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे.

कड्याच्या काठाबद्दल मात्र कडक राहा. पावसाळ्यात गवताखाली शेवाळ असतं आणि धुक्यात काठ कुठे संपतो ते दिसत नाही. काठापासून चार-पाच पावलं मागे थांबा. फवारा तिथेही येतोच.

धुकं दरीत खाली साठलं, माथ्यावर ऊन असलं आणि सूर्य तुमच्या पाठीशी असला तर आणखी एक दुर्मिळ गोष्ट दिसू शकते. खालच्या धुक्यावर तुमची सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्याचं पूर्ण वर्तुळ उमटतं. याला इंद्रवज्र म्हणतात. अकोले तालुक्यातल्याच हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिलं, आणि त्याची ही नोंद १८३५ साली प्रसिद्ध झाली. कोकणाकडे तोंड करून उभ्या असलेल्या कड्यांवर सूर्य पाठीशी असतो तो सकाळी, म्हणून लवकर पोचणाऱ्यालाच ही संधी. गंमत अशी की दहा जण ओळीने उभे असले तरी प्रत्येकाला ते वर्तुळ स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसतं.

दिवसा खाली, रात्री वर

वाऱ्याने पाणी वर जातं ते काही लिटर. साम्रदच्या शेजारच्या घाटघरला ते धरणाच्या हिशोबाने वर जातं.

घाटघरला दोन जलाशय आहेत. एक घाटमाथ्यावर, दुसरा कड्याखाली ठाणे जिल्ह्याच्या बाजूला. दोन्हींमध्ये चारशे मीटरहून जास्त उंचीचा फरक आहे आणि दोन्ही डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांनी जोडलेले आहेत. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडतात, डोंगराच्या आत बांधलेल्या वीजगृहातली १२५ मेगावॉटची दोन यंत्रं फिरतात आणि २५० मेगावॉट वीज मिळते. रात्री मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून खालचं पाणी परत घाटमाथ्यावर चढवतात. २००८ पासून हे चालू आहे.

पाणी वर चढवायला जितकी वीज लागते, त्यापेक्षा ते खाली आल्यावर मिळणारी वीज कमी असते. मग हा उद्योग कशाला? कारण वीज साठवणं अवघड, पाणी साठवणं सोपं. रात्रीची शिल्लक वीज पाण्याच्या रूपाने डोंगरावर ठेवायची आणि संध्याकाळी सगळ्यांचे दिवे एकदम लागतात तेव्हा काढायची. सौर आणि पवन ऊर्जा वाढत चालली आहे तशी अशा प्रकल्पांची गरजही वाढते आहे, त्यामुळे घाटघरकडे पाहताना आपण उद्याचं काहीतरी पाहतो आहोत. इथली धरणं थरांत पसरून रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत, आणि ते तंत्र भारतात पहिल्यांदा घाटघरलाच वापरलं गेलं.

काही पावलांचं अंतर, दोन समुद्र

घाटघर, रतनवाडी, साम्रद या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, काही वर्षी त्याहूनही जास्त. 'नगर जिल्ह्याची चेरापुंजी' हे घाटघरचं नाव वर्तमानपत्रांनी रूढ केलं आहे. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तरी लोक समाधान मानतात. एकच जिल्हा, एकच पावसाळा, आणि जवळजवळ दहापट फरक.

आता या पाण्याचा प्रवास बघा. सांदणमध्ये पडलेला पाऊस कोकणात उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. साम्रदमागच्या रतनगडावर, पूर्व उतारावर पडलेला पाऊस प्रवरा नदी होतो. ती भंडारदऱ्याच्या धरणातून, अकोले-संगमनेरवरून नेवाशाला जाते, प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते आणि आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचते. डोंगराची धार ओलांडायला काही पावलं लागतात, पण त्या धारेच्या दोन बाजूंचं पाणी देशाच्या दोन किनाऱ्यांना जातं.

आणि नेवासे म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली, ती याच प्रवरेच्या काठी. रतनगडाच्या कातळावरून ठिबकणारं पाणी तिकडेच निघालेलं असतं. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली ते प्रवरानगरही याच नदीच्या पाण्यावर उभं राहिलं. घाटमाथ्यावरच्या पावसाचा आणि आपल्या चहातल्या साखरेचा संबंध इतका थेट आहे.

छत्री आणि रंधा

सकाळी सांदण झाली की परतीच्या वाटेवर भंडारदऱ्याला थांबा. इथलं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. बांधकाम १९१० मध्ये सुरू झालं होतं. दगडी चिऱ्यांच्या या भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर आणि साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात हा आकडा जिल्ह्यातल्या माणसांना तोंडपाठ असतो, कारण धरण भरलं की नाही यावर खालच्या शेकडो गावांचं वर्ष ठरतं. धरणाला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव आहे, तर जलाशयाला आर्थर हिल या अभियंत्याचं.

धरणाच्या भिंतीतल्या मोरीतून पाणी सोडलं की ते खालच्या एका गोलसर खडकावर पडतं आणि चारही बाजूंनी सारखं ओघळतं. हा अंब्रेला फॉल, लोकांच्या तोंडी 'छत्री धबधबा'. हा धबधबा पावसावर अवलंबून नाही, पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकावर आहे. त्या मोरीतून विसर्ग चालू असेल तरच छत्री उघडते. म्हणून जाण्याआधी चौकशी करा.

तिथून दहा-बारा किलोमीटरवर रंधा. प्रवरा इथे एकदम सुमारे १७० फूट खाली घळईत पडते. दरी पाहून आल्यावर रंधा पाहण्यात वेगळीच मजा आहे, कारण सांदण जे करून बसली आहे ते रंधाला चालू असताना दिसतं. धबधबा आपल्या पायथ्याचा कातळ पोखरतो, वरची कड मग आधाराविना तुटते, आणि धबधबा थोडा मागे सरकतो. त्याने मागे टाकलेली वाट म्हणजेच घळई.

दरीचे रहिवासी

पावसाळ्यात ओढ्याकाठी कोणीतरी शीळ घालतंय असं वाटलं तर वळून पाहू नका, वर पाहा. तो शीळकरी कस्तूर. काळसर निळा, खांद्यावर चमकदार निळी झाक. त्याची शीळ माणसाने सहज गुणगुणल्याइतकी मानवी वाटते. धबधब्यांलगतच्या कपारींत तो घरटं करतो आणि पाण्याच्या एवढ्या आवाजातही त्याची शीळ ऐकू येते.

उतारावर दिसणारी दाट झुडपं कारवीची. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, सगळी एकदम, आणि अख्खा डोंगर जांभळा होतो. बी धरलं की ती झुडपं मरतात. त्यांच्या वाळक्या काठ्यांनी इथल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या घरांच्या कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या.

यांतल्या महादेव कोळी समाजातले राघोजी भांगरे अकोले तालुक्यातल्या देवगावचे. या डोंगरांच्या आधाराने ते इंग्रजांशी लढले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. दरीच्या काठावरून उत्तरेला दिसणारं अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूटही लढाऊ काळाची खूण आहे. १८१८ नंतर किल्ले पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. म्हणूनच अलंग आणि मदन चढायला आजही दोर लागतो.

आणि काजवे! मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदरा परिसरातली हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही झाडं रात्री लुकलुकत असतात. कधी अख्खं झाड एकाच लयीत पेटतं आणि विझतं. काजवा हा भुंग्यांच्या कुळातला कीटक. आयुष्याचा बहुतांश काळ तो अळीच्या रूपात जमिनीवर गोगलगाई खात घालवतो, आणि पंख फुटल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. त्याच्या पोटातल्या रसायनाचा प्राणवायूशी संयोग होऊन जो प्रकाश निघतो, त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. हा प्रकाश म्हणजे नराने मादीला दिलेली हाक. गाडीचे दिवे, विजेऱ्या आणि मोबाईलचे फ्लॅश त्या हाकेवर पाणी फिरवतात. दरवर्षी काजव्यांच्या हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात, आणि पाहायला आलेल्यांच्याच उजेडाने पाहण्याची वस्तू संपते आहे. दिवे बंद ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

पाऊस तिकडे, पूर इकडे

अरुंद दरीचा सर्वांत मोठा धोका डोक्यावरच्या पावसाचा नसतो, लांबच्या पावसाचा असतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या अँटिलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक पुरात वाहून गेले. दरीत तेव्हा धोका वाटावा असा पाऊस नव्हता. वादळ वरच्या बाजूला काही किलोमीटर दूर कोसळलं होतं. त्या पाण्याला दरीत शिरल्यावर पसरायला जागा मिळाली नाही, आणि ते उंच होत गेलं.

आपल्याकडची आठवण तर अगदी ताजी आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. काही मिनिटांपूर्वी तिथे सहज उभं राहता येईल एवढंच पाणी होतं.

सांदणला तर भिंतींवर चढून जाण्याची सोयच नाही. म्हणून पाऊस सुरू झाला की दरी बंद, असं वनखातं आणि गावकरी दोघेही सांगतात. मे अखेरीच्या वळिवाच्या पावसातही तोच नियम पाळा. पश्चिमेला ढग दाटले की खाली उतरू नका, आत असाल तर लगेच मागे फिरा.

निघण्यापूर्वी

दरीत उतरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. ऑगस्ट-सप्टेंबर कड्यावरून धबधबे पाहण्यासाठी, काजव्यांसाठी जूनचा पहिला पंधरवडा. मुंबई-नाशिककडून घोटीमार्गे या, पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर या वाटेने. सकाळी सातला दरीच्या तोंडाशी असाल तर पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन दुपारच्या जेवणाला साम्रदला परत येता येतं. जेवण गावातल्याच घरी सांगा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, चुलीवरचा भात, आणि आग्रहाचं वाढप. वाटाड्याही गावातलाच घ्या. त्याला धोंड्यांतली यंदाची वाट माहीत असते, आणि ढगांचं तर तुमच्या मोबाईलपेक्षा जास्त कळतं.

दरीत नेलेला प्रत्येक प्लास्टिकचा कागद बाहेर घेऊन या. आत राहिला तर पुढच्या पुरात तो कोकणातल्या कोणाच्या तरी शेतात जाऊन पडतो. आणि साम्रदच्या वाटाड्याने 'आज आत नको' म्हटलं, तर वाद घालू नका. गाडी रंध्याकडे वळवा आणि सांदणला नोव्हेंबरात या.